बदल्यात कोणाला द्यायचं

त्या दिवशी आमच्या हेडक्लार्कांनी डबा उघडला नाही. आमच्या विमा कचेरीत एक वाजता डबा न उघडणं ही रजेच्या अर्जापेक्षा गंभीर गोष्ट होती. टेबलावरच्या सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कुणीच काही विचारलं नाही. पुण्यात चौकशी न करणं हा काळजीचाच एक प्रकार आहे. निदान आम्ही तसं मानतो. बाकीचे हात धुवायला उठल्यावर ते मला म्हणाले, "मॅडम, रेघ नाल्यातून गेलीय."

सकाळी थोड्या वेळाची सवलत घेऊन ते जिल्हा कचेरीत जाऊन आले होते. तिथे मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा कच्चा नकाशा भिंतीवर लावला होता. प्रत्येक मतदारसंघात माणसं साधारण सारखी असावीत, म्हणजे प्रत्येकाच्या मताचं वजनही सारखं राहील, यासाठी देशभर नव्यानं सीमा आखायचं काम चाललं होतं. आधीच्या सीमा आमच्या शाळकरी वयातल्या. तेव्हा नगर रस्त्याला थोडं पुढे गेलं की ज्वारी लागायची. आता तिथे काचेच्या इमारती उगवत होत्या आणि त्यांत अमेरिकेची कामं चालत होती. पेठांमधली माणसं मात्र होती तेवढीच; मुलं परदेशी गेल्यामुळे थोडी कमीच. तेव्हा सीमा बदलणं रास्त होतं. आमच्या हेडक्लार्कांइतकं ते कुणालाच रास्त वाटत नव्हतं. मताचं वजन सारखं असणं ही त्यांच्या घरात वडिलांपासून चालत आलेली गोष्ट होती. आमच्या घरात लोणच्याची कृती जशी आली होती तशी.

ते राहायचे वाघोलीच्या अलीकडे, नाल्याकाठच्या एका वस्तीत. त्यांच्या वडिलांनी आणि भावकीतल्या काही घरांनी छप्पन साली धम्म स्वीकारला आणि गावाबाहेरची वाट्याला आलेली जागा सोडून या नाल्याकाठी घरं बांधली. घरं वाढली तशी ती दोन्ही काठांवर पसरली. पूर्वेच्या काठावर हेडक्लार्क, पश्चिमेच्या काठावर त्यांची थोरली बहीण, जिला सगळी वस्ती अक्का म्हणायची. विहार पश्चिमेला, विहीर पूर्वेला. पहाटेपासून लोकांची मधल्या साकवावरून ये-जा चाललेली असायची आणि नाला मध्ये आहे हे कुणाच्या ध्यानातही नसायचं. ते ध्यानात यायला नकाशा लागला.

या वस्तीवर एक रस्ता टांगलेला होता. शहराच्या विकास आराखड्यात, काचेच्या इमारतींकडे जाणारा, नाल्याच्या काठानं थेट घरांच्या अंगावरून गेलेला. तो बरीच वर्षं कागदावर होता आणि कागदावरच राहिला होता, याचं कारण वस्तीची एक रीत. प्रत्येक निवडणुकीआधी विहारासमोर सतरंजी अंथरायची. उमेदवारानं तिच्यावर बसायचं. खुर्ची मिळत नसे, हारही नसे. वस्तीतली वयानं सगळ्यांत मोठी बाई उभी राहून एक मागणी मांडायची. एका निवडणुकीला एकच मागणी, आदल्या दिवशी सगळ्यांनी बसून ठरवलेली. जो ती मान्य करील त्याला सगळ्या वस्तीची मतं. नळ असा आला, विजेचे खांब असे आले, साकव असाच आला. रस्ता आराखड्यात दिसल्यापासून मागणी एकच राहिली होती: रस्ता करू नका. उमेदवारांना ही मागणी फार आवडायची. काही न करण्याचं आश्वासन पाळणं त्यांना जमण्यासारखं होतं.

आता नव्या सीमेनं पश्चिमेचा काठ शहराच्या मतदारसंघात राहत होता आणि पूर्वेचा काठ एका अशा मतदारसंघात जात होता, ज्याचं दुसरं टोक पार डोंगरात होतं. तिथल्या उमेदवाराला बिबट्याचे प्रश्न होते, धरणाच्या पाण्याचे होते. अर्ध्या वस्तीसाठी तो सतरंजीवर येऊन बसेल ही शक्यता हेडक्लार्क स्वतःही बोलून दाखवत नव्हते. आणि शहराच्या उमेदवाराला उरलेली अर्धी वस्ती मोजायला दोन बोटं पुरली असती.

"हरकत घेता येते," ते म्हणाले. "सुनावणी आहे. इंग्रजी सूचना तुम्ही एकदा वाचून बघा."

मी वाचली. तिच्यात सगळं होतं. सीमा शक्यतो नदी, नाला, मोठा रस्ता अशा खुणांवरून जाव्यात. संख्या शक्यतो सारखी असावी. आणि हरकत घेणाऱ्यानं पर्याय सुचवावा: तुमचा भाग एका मतदारसंघातून काढून दुसऱ्यात घातला, तर बदल्यात साधारण तेवढाच भाग कुठला द्यायचा, तेही सांगावं. शब्द अत्यंत सभ्य होते.

मी नारायण पेठेत राहते. पेठेतही त्या दिवसांत हाच विषय होता, पण वेगळ्या अंगानं. आमच्याकडे वाचनालयाच्या पायरीवर रोज सकाळी काही निवृत्त मंडळी जमायची आणि राष्ट्राची व्यवस्था लावून अकराच्या आत घरी जायची. समान संख्या हे तत्त्व त्यांना तत्त्वतः मान्य होतं. पेठेच्या मतदारसंघाला नदीपलीकडच्या नव्या सोसायट्या जोडणार हे कळल्यावर मात्र तत्त्वात खोट दिसू लागली. एका निवृत्त प्राचार्यांनी सांस्कृतिक अखंडतेवर लांबलचक हरकत लिहिली आणि आम्हा सगळ्यांना वाचून दाखवली. नाट्यगृह कुणाकडे, ग्रंथालय कुणाकडे, गणपतीचा मान कुणाकडे, सगळं तिच्यात होतं. माणसांचा उल्लेख नव्हता. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "बाई, माणसं येतात आणि जातात." पेठेतून ती बहुतेक गेलेलीच होती, हे मी बोलले नाही.

त्या रविवारी मी वस्तीत गेले. हेडक्लार्कांनी पर्याय ठरवायला विहारात बैठक बोलावली होती आणि सूचनेतला मजकूर मराठीत सांगायला मला. उन्हं तापली होती. नाल्याच्या वरच्या अंगाला, आकाश कापल्यासारखी एक काचेची इमारत उभी होती आणि तिच्यातला सूर्य विहाराच्या भिंतीवर पडत होता. पूर्वी तिथे सावली असायची, असं कुणीतरी सांगितलं. लोक त्या उजेडाकडे पाठ करून बसले होते.

अक्का पुढे बसल्या होत्या. हाडापेरानं मोठ्या, बोलायला कमी. मी सगळं वाचून दाखवल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजी पलीकडची घरं अलीकडं घ्यायची, तर कुणाला तरी पलीकडं ढकलायचं?"

मी म्हटलं, हो, तसंच आहे.

"कुणाला?"

बरोबर याच प्रश्नावर बैठक दुपारपर्यंत चालली. जवळच्या सोसायट्या सुचवून उपयोग नव्हता, त्यांचे वकील होते. गावठाणातले जमीनदार आमदाराचे नातलग. शेवटी एकानं वरच्या अंगाच्या वीटभट्टीचं नाव काढलं. तिथे भट्टीवरच्या मजुरांच्या झोपड्या होत्या, साधारण पूर्वेच्या काठाएवढ्याच. बरीच वर्षं तिथेच राहिलेली, मतदार झालेली माणसं. पण त्यांना बैठक नव्हती, सतरंजी नव्हती आणि कुणी विचारणाराही नव्हता. नाव निघालं आणि सगळे एकदम मोकळे झाले. अगदी गणितासारखं जुळत होतं. हेडक्लार्कांनी ते लिहून घेतलं. बाहेर पडताना एक म्हातारे कुणाकडेही न बघता म्हणाले, "त्यांना काय फरक पडतोय." वाटेत माझ्या मनात आलं की हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं आहे, आणि ते नेहमी दुसऱ्यांविषयीच म्हटलं जातं.

सुनावणी एका मोठ्या सभागृहात होती. मंचावर मखमली खुर्च्या, समई, पुष्पगुच्छांची एक रांग. बाहेरून आलेल्या वरिष्ठांचं स्वागत अर्धा तास चाललं. सूत्रसंचालकानं त्यांच्या अमूल्य वेळेचा इतक्यांदा उल्लेख केला की तो तिथेच संपेल की काय अशी भीती वाटली. मग हरकती सुरू झाल्या आणि सभागृहाचं रूप पालटलं. प्रत्येक पक्षाचा माणूस पुढे यायचा, समानतेचं स्वागत करायचा आणि ताबडतोब दुसऱ्या कुणालातरी देऊन टाकायचा. हे गाव पलीकडे द्या. तो प्रभाग त्यांना द्या. आमच्याकडची झोपडपट्टी तिकडे, तिकडची सोसायटी इकडे. लग्नात आलेल्या साड्या पुढे देतात तितक्या सहज माणसं दिली जात होती. आमच्या प्राचार्यांनी तर पूर्ण बुधवार पेठ देऊ केली, कारण तिथली वाहतूक त्यांना कधीच पसंत नव्हती. त्यांना टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर कुणीतरी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. ती त्यांच्यासाठीच आणलेली होती की नाही, मला शंका आहे.

हेडक्लार्क माझ्याशेजारी बसले होते. त्यांच्या पलीकडे अक्का. प्रत्येक देवाणघेवाणीला ते मान किंचित खाली घालत होते. मला वाटलं, पाळीची धास्ती असेल.

त्यांचं नाव पुकारलं तेव्हा जेवणाची वेळ टळत आली होती आणि मंचावर घड्याळं बघितली जात होती. त्यांनी वस्ती सांगितली, साकव सांगितला, विहार आणि विहीर सांगितली. चांगलं बोलले. एका अधिकाऱ्यानं ते वरिष्ठांना इंग्रजीतून सांगितलं. वरिष्ठांनी नकाशाकडे पाहिलं आणि खरोखर सौजन्यानं विचारलं, ते अधिकाऱ्यानं मराठीत केलं.

"संख्या समान असावी हे तत्त्व आपल्याला मान्य आहे ना?"

"मान्य आहे, साहेब."

"आपला पूर्वेकडचा भाग आम्ही इकडे घेऊ. मग बदल्यात कुठला द्यायचा?"

लिहिलेला कागद त्यांच्या हातात होता. मी तो पाहिला होता, त्यावर भट्टीचं नाव होतं. ते कागदाकडे बघत राहिले. मागच्या रांगेत खुर्च्या सरकल्या, कुणीतरी हसलं. अधिकाऱ्यानं प्रश्न परत विचारला.

"ते मला सांगता येणार नाही," हेडक्लार्क म्हणाले.

"म्हणजे पर्याय नाही?"

"पर्याय आहे. पण त्या लोकांना कुणी विचारलेलं नाही."

मंचावरच्या सगळ्यांना हे उत्तर बहुधा तांत्रिक वाटलं. पर्याय दिलेला नाही अशी नोंद झाली, त्यांचे आभार मानले गेले आणि पुढचं नाव पुकारलं. ते खाली आले. अक्कांनी त्यांना बसायला जागा करून दिली, आणि समोर बघत, आवाज न चढवता म्हणाल्या, "तू न्यायाधीश झालास. आम्ही काय झालो?"

परतताना त्या रिक्षात बसल्या नाहीत, बसनं गेल्या. हेडक्लार्क माझ्याबरोबर पेठेपर्यंत चालत आले. मी त्यांना म्हटलं की सभागृहात इतक्या लोकांनी इतक्या लोकांना दिलं, तुम्ही एकदा दिलं असतं तर काय बिघडलं असतं. माझं खरंच तसं मत होतं. ते म्हणाले, "आमच्या लोकांना गावाबाहेर बसवताना असंच कुणीतरी कुणालातरी म्हटलं असेल मॅडम. अमुक जागा त्यांना देऊन टाका." मी माझं मत मागे घेतलं नाही.

रेघ नाल्यातूनच कायम झाली. सुरुवातीला तिचा काही त्रास नव्हता. रेघ दिसत नव्हती, साकव होता, लोक येत-जात होते. पण एकदा रेघ पडली की पुढच्या प्रत्येकाला ती आयती मिळते, हे मला नंतर समजलं. आधी मतदान केंद्रं वेगळी झाली. पश्चिमेला शाळेत, पूर्वेला लांब दुसऱ्या गावात. मग रेशनचं दुकान वेगळं झालं. पुढे कुठल्याशा कामासाठी वस्तीचे भाग पाडायचे होते, तर तिथल्या साहेबांनी हीच रेघ घेतली, कारण नवीन रेघ मारायची म्हणजे परत सुनावणी. पाण्याचा टँकर पश्चिमेला सोमवारी यायला लागला, पूर्वेला गुरुवारी, आणि सोमवारच्या टँकरवर पूर्वेच्या बायका आल्या की कुजबुज सुरू झाली. हेडक्लार्क हे सगळं मला जेवणाच्या टेबलावर सांगायचे, तक्रार म्हणून नाही, कचेरीतल्या बदल्या सांगाव्यात तसं. एकदा म्हणाले, "परवा विहारात एकानं 'पलीकडचे' म्हटलं. मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. मला म्हणत होता."

याच सुमारास आयटी पार्कच्या कंपन्यांनी रस्त्यासाठी जोर लावला. कंपन्यांच्या पांढऱ्या बसगाड्या नगर रस्त्यावर तासन् तास अडकायच्या, आणि वर्तमानपत्रांत अडकलेल्या तरुणांचे फोटो यायचे. रस्ता नाल्याच्या दोन्ही काठांवरून थोडा थोडा जाणार होता. मोजणीची माणसं येऊन दोन्हीकडे खुंट्या ठोकून गेली. मग निवडणूक आली.

पूर्वेच्या काठानं आपली सतरंजी अंथरली, विहिरीजवळ. डोंगराकडच्या मतदारसंघाचा उमेदवार आला नाही. त्याची गाडी आली, तिच्यातला माणूस खाली न उतरता म्हणाला की साहेबांचं लक्ष आहे, आणि पत्रकं देऊन गेला. लोक संध्याकाळपर्यंत बसून राहिले. सतरंजी गोळा करायचं धैर्य कुणाला होईना, असं हेडक्लार्क म्हणाले.

पश्चिमेला मात्र शहराचा उमेदवार आला. विहारासमोर बसला. रीत अशी की बैठकीत त्या मतदारसंघाच्याच माणसांनी बसायचं. ती रीत जुनी होती, बाहेरच्या कुणी येऊन गोंधळ घालू नये म्हणून घातलेली. त्यामुळे पूर्वेचं कुणी तिथे नव्हतं. आदल्या दिवशी पश्चिमेच्या घरांनी मागणी ठरवली होती. ज्यांनी नुकतेच मजले चढवले होते त्यांचं म्हणणं पुढे आलं, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. मागणी मांडायची पाळी वयानं मोठ्या बाईची. अक्का उठल्या.

त्या काय बोलल्या हे त्यांनीच त्याच दिवशी साकव ओलांडून भावाला येऊन सांगितलं. दुसऱ्याकडून कळण्याआधी.

"मी म्हणलं, रस्ता होणार आसंल तर होऊ द्या साहेब, पर सगळा पलीकडनं न्या. अलीकडची घरं तेवढी राहू द्या."

"काय म्हणाला?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"म्हणला, एवढंच ना आजी?"

त्या दारातच उभ्या होत्या. आत आल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तू भट्टीवाल्यांना दिलं नाहीस. मी तुला दिलं."

हे सगळं हेडक्लार्कांनी मला सोमवारी सांगितलं, प्रवासभत्त्याची बिलं तपासता तपासता. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात. ते म्हणाले, काय म्हणणार, चहा टाकलाय तो घेऊन जा म्हटलं. घेतला का, असं मी विचारलं. "घेतला. उभ्यानं." बिलावर सही करून ते पुढच्या बिलाकडे वळले. मला राग आला होता, पण तो नेमका कुणाचा आला आहे ते ठरवता येईना. उमेदवारानं मागणी मान्य केली होती. मागणी रीतीप्रमाणे ठरली होती. रेघ नियमाप्रमाणे आखली होती, आणि दोन्ही मतदारसंघांतली माणसं सारखी होती. कुणाकडे बोट दाखवायला जावं तर तिथे एक व्यवस्थित शिक्का मारलेला कागद निघत होता.

पूर्वेचा काठ त्या उन्हाळ्यात गेला. लोकांना वाघोलीच्या पुढे इमारतीत खोल्या मिळाल्या, त्यांत हेडक्लार्कांनाही. ते घरून लवकर निघूनही कचेरीत उशिरा पोचायला लागले आणि एक-दोन वर्षांत स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले. निरोपसमारंभात शाखाधिकाऱ्यांनी त्यांच्या सचोटीवर बरंच बोलून शाल-श्रीफळ दिलं. अक्का आल्या होत्या. मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि भाषण चालू असताना भावाकडे न बघता हातातल्या पिशवीचे बंद घट्ट करत होत्या.

रस्ता उत्तम झाला. मी त्यावरून एकदोनदा गेले आहे. नाला आता पाइपातून वाहतो, त्यामुळे पूर्व कुठली आणि पश्चिम कुठली हे पटकन कळत नाही. पश्चिमेच्या घरांच्या ओट्यांपर्यंत डांबर आलं आहे.

मागच्या महिन्यात हेडक्लार्कांचा फोन आला. अक्कांच्या घरावर मोजणीवाले खूण करून गेले होते. वाहतूक वाढल्यामुळे रस्ता रुंद करायचा आहे. अक्कांनी त्यांनाच बोलावून घेतलं होतं, अर्ज कसा करायचा ते विचारायला. मी म्हटलं, रुंदीकरण पलीकडच्या बाजूनं करा असं लिहा की.

"पलीकडे आता कुणी राहत नाही मॅडम," ते म्हणाले. "कंपनीची भिंत आहे."